धोंड्याच्या महिन्यातली भाड्याची गाडी

आईबाबा माझ्याकडे पोर्तुगालला यायला तयार झाले, तेव्हा मला खरंच वाटलं की त्यांना माझी आठवण येतेय. माझा घटस्फोट होऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात आई फोनवर जेवलीस का विचारायची, तिकडं ऊन आहे का विचारायची आणि ठेवून द्यायची. मी ‘या की इकडे’ म्हटलं की ती बागेचं निमित्त सांगायची. श्रीगोंद्याजवळ आमची लिंबाची बाग आहे आणि उन्हाळ्यात लिंबाला भाव असतो, त्यामुळे निमित्त खोटं म्हणता यायचं नाही. पण या वर्षी ऐन उन्हाळ्यात, बाग काकांवर सोपवून, ती आपणहून म्हणाली, येतो आम्ही. मी हरखून गेले.

तिनं बॅग उघडली तेव्हा आतून चणाडाळ आणि गूळ निघाला. तेव्हा कळलं की अधिक महिना लागलाय. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. दर तीनेक वर्षांनी येतो, आणि आला की घरोघरी लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. जावयाला पाटावर बसवून ओवाळायचं, कपडे करायचे. त्या महिन्यापुरता जावई म्हणजे साक्षात नारायण, एरवी कसा का असेना. जावई नाही तर धोंडे कुणाला, असं मी हसत विचारलं. महिन्याचं घरात व्हावं लागतं, एवढंच ती म्हणाली.

दक्षिणेच्या किनाऱ्यावर हिंडायला मी गाडी भाड्यानं घेतली. निघताना बाबांनी माझ्या फ्रिजमधली लिंबं चारी चाकांखाली ठेवली. गाडी देणारा माणूस बघतच राहिला. आपली नसली तरी गाडी ती गाडीच, असं बाबांचं म्हणणं. मग ते पुढं उजवीकडे बसले. आपल्याकडे त्या जागी ड्रायव्हर बसतो, आणि समोर स्टिअरिंग नसल्यानं त्यांची फार पंचाईत झाली. प्रत्येक गोल चौकात ते पायानं नसलेला ब्रेक दाबायचे.

ऊन आपल्यासारखंच कडक होतं, फक्त बाजूला समुद्र होता. मातकट लाल कडे, पांढरी घरं, जुन्या धुराड्यांवर बगळ्यांसारख्या थोराड पक्ष्यांची घरटी. परसात लिंबं पिकून खाली पडलेली आणि उचलायला कुणी नाही, हे बघून बाबांचा जीव वरखाली व्हायचा. एकदा त्यांनी गाडी थांबवायला लावून रस्त्यावर आलेलं एक लिंबू उचललं, नखानं टोकरलं, हुंगलं. साल जाड आहे, रस नाही, असा निकाल देऊन त्यांनी ते खिशात घातलं.

आई मागं बसायची, मोबाईल हातात. दर वळणाला तिला फोटो हवा असायचा, पण गाडी चालवतानाचा माझा फोटो तिनं एकदाही काढला नाही. खाली उतर, मग काढू, म्हणायची. मग कुणातरी प्रवाशाला गाठून आम्हा तिघांचा फोटो काढून घ्यायचा. मला वाटलं, हौस असेल. आयुष्यभर चूल आणि बाग बघितलेली बाई, करू दे हौस.

एकच गोष्ट मला टोचत होती. काकूच्या मुलाचं मार्गशीर्षात लग्न आहे. मला सख्खा भाऊ नाही, तोच भाऊ, आणि त्याच्या लग्नात करवली मीच, हे आम्ही लहानपणीच ठरवून टाकलेलं. लग्नाचा विषय काढला की आई म्हणायची, तुला सुट्टी मिळायची नाही. सुट्टी मिळेल म्हटलं की विमानाचं भाडं काढायची. मला गावी जायचं होतं. घटस्फोटानंतर मी गावी गेलेच नव्हते, आणि आई ये म्हणेल याची मी वाट बघत होते.

त्या दुपारी डॅशबोर्डवर उन्हात राहून माझा मोबाईल तापला आणि बंद पडला. रस्ता अनोळखी, एका बाजूला कडा, खाली समुद्र. मी आईचा मोबाईल मागून घेतला आणि नकाशा लावून समोर अडकवला. थोडं पुढं गेलो आणि नकाशावर काकूचा निरोप उतरला. अक्षरं मोठी केलेली होती, आईला दिसत नाही म्हणून.

‘ताई, जावईबापूंनी काढलेले फोटो लई झ्याक आल्यात. दिवसभर गाडी चालवून दमत न्हाईत का ते? धोंड्याच्या ताटावर बसले की त्यांचा बी एक टाका.’

मला थांबता येईना. मागं ट्रक, बाजूला जागा नाही, आणि पुढचं वळण त्या निरोपाच्या खाली झाकलेलं. बाबांनीही वाचलं असणार, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढं कड्यावर गाड्या थांबवायची जागा लागली तिथं मी गाडी उभी केली. माझा संताप संताप झाला. ज्या माणसानं लग्नाच्या सबंध काळात साधं लायसन काढलं नाही, त्याच्या नावावर आईनं मी चालवलेला सगळा रस्ता करून टाकला होता.

"हे काय आहे, आई?"

ती समुद्राकडं बघत म्हणाली, "धोंड्याच्या महिन्यात सगळ्यांचे जावई येत्यात. समदी माझ्या दाराकडं बघत्यात. म्हनलं आपनच तिकडं जावं, म्हंजी जावयाला तिकडंच जेवू घातलं म्हनता येतं."

"म्हणजे तुम्ही मला भेटायला आला नाहीत."

"तुला बी भेटायचं हुतंच की," बाबा म्हणाले. त्यांच्या त्या ‘बी’नं मला जेवढं लागलं तेवढं कोर्टातही लागलं नव्हतं.

मग मी जे बोलले ते फार कडू होतं, पण बोलले याचं वाईट वाटत नाही. "लग्नालाही जावयालाच बोलव. फोटो छान काढतो."

संध्याकाळी मुक्कामाच्या घरात आईनं धोंडे केले. पुरण वाटताना ती रडली असावी, डोळे लाल होते. ते कुणाला वाढायचे हे तिला कळेना आणि मी ताटाला हात लावला नाही. बाबांनी गुपचूप खाल्ले, उरलेले डब्यात गेले. ओवाळायला आणलेलं निरांजन कागदातून निघालंच नाही.

परतीच्या दिवशी आई न विचारता पुढं येऊन बसली आणि बाबा डबा मांडीवर घेऊन मागं. घाट उतरताना तिनं मोबाईल वर केला. मला वाटलं समुद्र काढतेय.

"माझ्याकडं बघू नको," ती म्हणाली. "रस्त्याकडं बघ."

तिनं माझा फोटो काढला, दोन्ही हात स्टिअरिंगवर असलेला. मग एका बोटानं काहीतरी लिहीत बसली, बराच वेळ. काय लिहिलं ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

गाडी परत द्यायच्या ठिकाणी आम्ही सामान काढत होतो तेव्हा तिचा फोन वाजला. काकू होती. आईनं तो वाजू दिला, पदरानं तोंड पुसलं आणि मग उचलला.

"व्हय," ती म्हणाली. "एकटीच राहती ती. मोडलंय त्यांचं, साल होत आलं. गाडी बी तीच चालवत हुती." मग म्हणाली, "लग्नाचं तूच इचार तिला. मला त्वांड न्हाई."

तिनं फोन माझ्यापुढं धरला. गाडीची किल्ली अजून माझ्याच हातात होती. आमची काकू एका दमात गावभरच्या बातम्या सांगणारी, पण पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"काकू," मी म्हटलं, "फोटो काढायला सोबत कुणी नसेल. मी एकटीच करवली म्हणून आले तर चालेल का?"

ती ‘ये की गं’ म्हणाली. म्हणायला तिला जरा वेळ लागला. तेवढ्या वेळात आईनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता, किल्लीसकट.