डिंकाचा एक लाडू

ग्रुपवाल्यांनो, आज माझ्याकडून चूक झाली, लपवत नाय.

संभाजीनगरला वजन कमी करायचं ऑपरेशन केलं, त्याला चार महिने झाले. आता मी कामावर, सुरतला. पाचोडहून आईनं ट्रॅव्हल्सनं डिंकाच्या लाडवांचा डबा धाडला. दुपारी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "पोट चिरलंय तुझं. बाळंतिणीला देतात तसेच केलेत. खा माझ्यासमोर."

म्हणलं, "आई, डॉक्टरनं गोड बंद केलंय."

"त्या डॉक्टरला आई नाय का?"

खाल्ला एक. थोड्या वेळात घाम फुटला, छाती धडधडली, तासभर आडवा पडलो.

संध्याकाळी तिनं विचारलं, "बरं वाटलं ना?" मी व्हय म्हणालो. आता ती दुसरा डबा धाडतेय.

तुमच्यापैकी कुणाला आईला नाय म्हणता आलंय का? कसं म्हणलात?