आग्नेसबाईंची ओसरी आणि फोनचा हंडा

गप्प बसायला जमलेल्या माणसांचे किस्से बोलक्यांपेक्षा जास्त साठतात, हे मला आग्नेसबाईंच्या ओसरीवर कळलं. बाई आमच्या शिरोड्यातल्या रिटायर्ड शिक्षिका. नवरा गेल्यावर एका भिक्खूंकडे ध्यान शिकून आल्या. तेव्हापासून सकाळी चर्चमध्ये मिस्सा, संध्याकाळी ओसरीवर श्वास. स्टुलावर क्रूस, शेजारी छोटा बुद्ध. आम्ही चार-पाच जणं डोळे मिटून बसतो आणि बाईंनी घंटा वाजवली की उठतो.

*

पावलीन पहिल्याच दिवशी रडकुंडीला आली. जन्मभर रोझरी म्हणत आलेली बाई ती. "बाई, श्वास बघूक बसलंय की ओठार रोझरीच येता. चुकता मा माझा?"

"येवंदे गो," बाई म्हणाल्या. "मारियामाय काय तुझो श्वास अडवूची नाय."

*

बैठकीच्या शेवटी सगळ्यांचं भलं चिंतायचं असतं. शेजारच्या बबनचा भावाशी बांधावरून वाद. त्याने विचारलं, "सगळ्यांचा? भावाचा पण?"

"भावापास्नाच सुरू कर."

बबनने बराच विचार केला. "मगे आज रवांदे. गुडघो दुखता."

*

नियम एकच, तोही बाईंचाच. फोन ओसरीच्या टोकाला तांब्याच्या हंड्यात टाकायचे, आणि वाजला तरी कोणी हलायचं नाही. "आवाज इलो, आवाज गेलो. बघीत रवा."

मग बाईंच्या मुलाचा, मेल्विनचा फोन यायचा बंद झाला. तो मालाच्या जहाजावर असतो. गावभर, चर्चमध्येही, तीच चर्चा. कंपनी नुसतं 'काळजी करू नका' म्हणायची, आणि त्यानेच काळजी वाढायची. बाई हंड्यात टाकण्याआधी फोन पदराने पुसायच्या, आवाज मोठा आहे ना बघायच्या, आणि घंटा वाजवायला विसरायच्या. आमचे पाय बधिर व्हायचे, तरी सांगायची कोणाची छाती होत नव्हती. खरं सांगते, त्या दिवसांत मला माझा श्वास कधी सापडलाच नाही. मी बाईंचाच ऐकत बसायचे.

*

त्यातच नवे फादर चौकशीला आले. कोणीतरी कागाळी केली होती. ही बैठक बंद झाली तर बाई त्या घरात एकट्या पडणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"बाई, तुम्ही प्रार्थनेच्या अल्तारावर बुद्ध ठेवलात म्हणतत."

"अल्तार खंय, फादर? स्टूल आसा."

फादर हसले नाहीत. "मी बसान बघतंय," म्हणाले आणि झग्यासकट भिंतीला टेकून बसले.

थोड्या वेळाने हंडा खणाणला. मेल्विनसाठी लावलेली ती वेगळी रिंग आम्हा सगळ्यांना पाठ होती. बाई हलेनात, म्हणून कोणीच हलेना. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर बाईंनी मांडीवरचा पदर मुठीत घट्ट धरला होता. रिंग वाजतच होती.

फादर एकदम उठले. झगा वर धरून धावले, हंड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फोन कानाला लावला.

"कोण, मेल्विन? मी फादर बोलतंय. थांब हां बाबा, तुझी आवय ध्यानात आसा!"

बाईंनी डोळे उघडले नाहीत. गालांवरून पाणी मात्र ओघळत होतं.

"फादर," त्या म्हणाल्या, "त्याका इचारा, जेवलो काय?"