ग्रॅनाइटवर फोडलेला नारळ

केसाहून बारीक भोक पोलादाच्या पत्र्यात पाडायचं, आणि मग हुबेहूब तसंच आणखी शंभर वेळा पाडून दाखवायचं, या उद्योगात मी उमेदीची वर्षं घातली. पहिलं भोक कुणीही पाडतं. शंभरावं पहिल्यासारखं पडलं तर त्याला संशोधन म्हणतात. हे मी आमच्या कॉलेजच्या अध्यक्षांना तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "पण सर, एवढं बारीक भोक दिसणार कुणाला?" हा गृहस्थ नालासोपाऱ्यात इमारती उठवता उठवता शिक्षणमहर्षी झालेला. त्याच्या इमारतीत भिंतीला खिळा ठोकला की पलीकडचा शेजारी ओरडायचा. त्याच्याशी मायक्रॉनच्या गोष्टी काय बोलणार, डोंबल!

तरी तीन वर्षं अर्ज खरडून मी मशीन आणवलं. ते काळ्या ग्रॅनाइटच्या एका जाड लादीवर बसवलेलं होतं, कारण असा दगड थरथरत नाही आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसा फुगत-आकसत नाही. मशीनची सगळी अक्कल त्या लादीच्या सपाटपणात होती. ती बिघडली की मशीन नुसतं महागडं शोभेचं कपाट.

या मशीनवर माझ्या विद्यार्थिनीची पीएच.डी. टांगलेली होती. ती वसईजवळच्या वटार गावची. घरी केळीची वाडी, सकाळी वाडीला पाणी सोडून सायकलवर लॅब गाठायची. विद्यापीठाची मुदत संपायला सहा महिने उरले होते. एकदा मुदतवाढ मिळून गेली होती, दुसरी मिळत नाही. तेवढ्यात मोजमापं पुरी झाली नाहीत तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात.

आणि अध्यक्षांनी दसऱ्याला उद्घाटन ठेवलं.

मी आधीच बजावलं होतं, हार दाराला घाला, हळद-कुंकू उंबऱ्याला वाहा, आत हात लावू नका. पण ऐकतो कोण? अध्यक्षांनी नारळ हातात घेतला आणि इकडेतिकडे कठीण जागा शोधली. समोर एवढा थोरला दगड! मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत नारळ लादीवर फुटलासुद्धा. एका फटक्यात फुटला म्हणून टाळ्या पडल्या. "शुभ झालं," प्राचार्य म्हणाले आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

लादीच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता, तेवढ्यावर निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पाहणी समिती यायची होती आणि दगडावर कुंकवाचे डाग. प्राचार्यांनी आपली अक्कल पाजळली. शिपायाला पॉलिश पेपर दिला आणि पाणी मारून लादी घासायला लावली. सकाळी मी आलो तर लादीत माझं तोंड दिसत होतं! प्राचार्य कौतुकाची वाट बघत शेजारी उभे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस मोजत बसलो तेव्हा कळलं, लादी एका बाजूला खोलगट झाली आहे. डोळ्याला दिसणार नाही इतकीच, पण आमच्या भोकांना तेवढं भरपूर होतं. कंपनीने कळवलं, लादी परत पाठवा, आठ महिने लागतील.

त्याच आठवड्यात लॅबच्या दारावर संगमरवरी पाटी लागली. अध्यक्षांच्या शुभहस्ते वगैरे.

मी हात टेकले होते. विद्यार्थिनीने टेकले नव्हते. तिने वसई पूर्वेच्या गाळ्यांतून एक फिटर शोधून आणला. त्या गाळ्यांत बादल्यांचे नाहीतर चपलांचे साचे बनतात. तिथल्या माणसाला माझ्या लॅबमध्ये आणणं मला अपमान वाटला. साठीला आलेला, सातवी शिकलेला, तिकडच्याच गास गावचा माणूस. त्याने चप्पल दाराबाहेर काढली, डोळे मिटले आणि तळहात लादीवरून सावकाश फिरवला.

"पानी मारून घासलंय कोनीतरी," तो म्हणाला. मग एका जागी बोट टेकवलं. "हितं पोट गेलंय."

माझ्या उपकरणाने दोन दिवसांनी दाखवलेली जागा नेमकी तीच होती. मी योगायोग म्हटलं.

पुढचे सात रविवार तो चर्चमधली मिस्सा आटोपून थेट लॅबला आला. बिडाची एक चकती आणि हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट, एवढंच त्याचं सामान. दहा मिनिटं घासायचा आणि तासभर बाहेर जाऊन बसायचा. मला वाटलं, कामचुकार आहे. विचारलं तर म्हणाला, "हाताची ऊब लागली की दगड फुगतो, सर. निवू द्या त्याला. गरम दगड खोटं बोलतो." मी दर सोमवारी मोजायचो. सातव्या सोमवारी माझ्या उपकरणाला काही सापडेना. लादी नवी होती तेव्हाही इतकी सपाट नव्हती.

काय देऊ विचारलं तर नको म्हणाला. जाताना चाचरत एवढंच बोलला, "पुस्तकात नाव येईल काय माझं? फादरना दाखवीन." मी म्हटलं, बघू.

मोजमापं झाली, मुदतीच्या आत प्रबंध तयार झाला. आभाराच्या पानावर तिने सगळ्यांत वर त्या फिटरचं नाव लिहिलं होतं. मी लाल पेनाने खोडलं. "हा प्रबंध आहे, लग्नाची पत्रिका नाही."

"सर, नारळ फोडणाऱ्याचं नाव दारावर आहे," ती म्हणाली.

"तो त्यांचा मूर्खपणा. इथे शास्त्र चालतं."

तिने पान उचललं. आपण केवढं तत्त्वाचं बोललो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. वयस्कर, कोरडे, मोजकं बोलणारे. विद्यार्थिनीने त्या फिटरलाही बोलावलं होतं. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट घालून तो भिंतीशी उभा होता. परीक्षकांनी स्वतः लादी मोजली, पुन्हा मोजली, चष्मा काढला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"आमच्या विभागातच. माझ्या देखरेखीखाली," मी म्हणालो. अगदी सहज निघालं तोंडातून. फिटरने मान खाली घातली.

"सर, हे खरं नाही," विद्यार्थिनी म्हणाली.

निकालाच्या कागदावर अजून एकही सही झालेली नव्हती. मार्गदर्शकाच्या मनात आलं तर तो काय करू शकतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती थांबली नाही. "या काकांनी केलंय. सर सोमवारी नुसते मोजायचे."

परीक्षक उठून फिटरजवळ गेले. मग अर्धा तास ते दोघेच बोलत होते. निवू द्यायचं म्हणजे किती वेळ, चकती कशी फिरवायची, तळहाताला काय कळतं. परीक्षक वहीत लिहून घेत होते. मी खुर्चीत बसून होतो. त्यांनी तिला उत्तीर्ण केलं, मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि मीही निमूट सही केली.

आठवड्याने ती शेवटची प्रत घेऊन आली. आभाराचं पान नव्याने टाइप केलेलं. वर फिटरचं नाव, गावासकट. खाली आईवडील. त्याखाली लॅबचा शिपाई. ज्याने लादी घासून वाट लावली, तोच! मी पान उलटून मागे पाहिलं. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. माझं नाव नव्हतं.

"सर, मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर सही," ती म्हणाली आणि टोपण काढून पेन पुढे केलं.

मी सही केली.