घंगाळातला खेकडा

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका; चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. पण आमच्या थोरल्या दिरांइतका खेकड्यात जीव गुंतलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात झाला नसेल, हे मी चुकांसकट लिहून ठेवते.

इचलकरंजीतली त्यांची मागाची शेड बंद पडली आणि आण्णा आमच्याकडं आले, ते उंबऱ्याच्या आतच राहिले. ‘सध्या काय करता’ असं कुणी विचारील या धास्तीनं दाढीलासुद्धा बाहेर जाईनात. माझे मालक भावाच्या काळजीनं निम्मं जेवण टाकून उठायचे. त्यातच मी एकदा रश्श्यासाठी खेकडे आणले. त्यातला एका नांगीचा आण्णांनी उचलला आणि परसातल्या जुन्या घंगाळात, कौलाच्या तुकड्याखाली ठेवला. झालं. माझ्या दमलेल्या जिवाला पोसायला आणखी एक तोंड.

थोरल्या दिराशी बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. त्यामुळं मला काही सांगायचं असलं की आण्णा घंगाळाला सांगायचे, आणि स्वयंपाक उरकला की जेवण झालंय हे मीही घंगाळालाच सांगायची. भांडी घासता घासता मी त्या खेकड्याची सगळी कुंडली ऐकली. डोळे दांड्यांवर असतात, म्हणून बिळातनं अंग न काढता बाहेरचं दिसतं. कुणी नांगी धरली तर ती तिथंच सोडून तो जीव घेऊन पळतो. पुढं कात टाकताना नवी फुटते. मादी पिल्लं पोटाच्या झाकणाखाली सांभाळते, म्हणून बाजारातला प्रत्येक खेकडा त्यांनी उलटा करून बघितल्याशिवाय मला पाट्यावर घेता यायचा नाही, पिल्लंवाली निघाली की ते बाजूला काढायचे, आणि रस्सा दर वेळी पातळ व्हायचा. एकदा एक निसटला, तो दोन दिवसांनी सिलिंडरमागं जिवंत सापडला. मी कंबर धरून खाली बसले, तर आण्णा कौतुकानं घंगाळाला म्हणतात, “कल्ल्यात पाणी धरून ऱ्हातोय गडी. माणसाला जमंल व्हय?”

एका सकाळी खेकडा निपचित पडलेला दिसला, हलका, पोकळ. मेला बिचारा, म्हणून मी केरासोबत टाकून आले. आण्णांनी उठून कौल उचललं, तर खाली खेकडा बसलेला, मळलेल्या कणकेसारखा मऊ, आणि बोटाच्या पेराएवढी नवी नांगी. मी टाकलं ते नुसतं कवच होतं.

आण्णा पहिल्यांदाच माझ्याकडं वळून बोलले. “पोरी, कवच कुठं टाकलंस? त्येच खाऊन अंग घट्ट हुतंय त्याचं. मऊ हाय तवर कुणीबी खाईल त्याला.”

“कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या कोंडाळ्यात,” मी म्हणाले. मी आणते म्हणेपर्यंत ते बनियनवर, अनवाणी, उंबरा ओलांडून गेलेसुद्धा.

मी दारात उभी. अर्धी गल्ली कोंडाळ्याभोवती जमली. कुणाला वाटलं सोनं पडलं. खेकड्याचं कवच म्हटल्यावर सगळे हसले, आण्णाही हसले. तेवढ्यात गल्लीत पाहुण्यांकडं आलेला, आण्णांच्या शेडमध्ये पूर्वी मागावर असलेला एकजण तिथं थांबला. “आण्णा, आमच्या शेडात मागावर माणूस पायजेल, आन तुमी हितं काय उकरतायसा?”

“थांब की,” आण्णा म्हणाले, “आदी ह्ये हुडकू लाग.”

कवच सापडलं. महिन्याभरानं आण्णांनी खेकडा नदीला सोडला आणि इचलकरंजीची एसटी धरली. निघताना रिकाम्या घंगाळाला सांगून गेले, “नांगी बारकी हाय, पण धरतीया.”

आण्णा वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. घंगाळात मी कपडे भिजवते. स्वयंपाक झाला की तोंड आपोआप परसाकडं वळतं. जेवण झालंय, एवढं सांगते आणि आत येते.