कळपाबाहेरचा मुन्शी

बद्रुद्दीन मुन्शींचं इंग्रजी फार मोठं होतं. इतकं मोठं, की ते साहेबाच्या दारातून आत मावत नसे. नाशिकच्या कचेरीच्या आवारात, लिंबाखाली, सात अर्जनवीस ओळीनं पेट्या मांडून बसत. बाकीचे सहा ‘गरीब आहे, दया करा’ एवढंच लिहीत, आणि बेट्यांची कामं होतही असत. मुन्शींना त्याची शिसारी येई.

त्यांच्यापाशी एक जाडजूड इंग्रजी कोश होता, जुन्या बाजारातला. त्यातली वाळवी मोठी चोखंदळ. तिनं प्रत्येक पानावरचे अर्थ तेवढे खाल्ले, आणि शब्द व त्यांची लॅटिन मुळं मुन्शींसाठी ठेवली. मुन्शी म्हणत, “अर्थाचं काय घेऊन बसलात? मूळ ठाऊक असलं की अर्थ आपणच चालत येतो!” आणि तो यायचाही, फक्त भलत्याच घरी जायचा.

पेठकडची भागीबाई आली ती रडतच. गुरांच्या कळपातून तिचा एकुलता बैल सुटला होता, पेरणी तोंडावर होती. “लय गरीब बैल हाय भाऊ. पोलिसांना सांगा, हुडकून द्या.” मुन्शींनी कोश उघडला. टर्गम म्हणजे पाठ, वर्सारे म्हणजे फिरवणे. बैलानं पाठ फिरवली, झालं! त्यांनी ‘बैलाचं टर्जिव्हर्सेशन’ असं झोकात लिहून दिलं. इंग्रजीत त्याचा अर्थ आपला पक्ष सोडून फितूर होणे. साहेबानं अर्जावर शेरा मारला, ‘बैल आधी कोणत्या पक्षात होता?’ आणि अर्ज फेटाळला. बाई हात हलवत पेठला गेली. मुन्शी म्हणाले, साहेबाचं लॅटिन कच्चं आहे.

सन चौतीसच्या जूनमध्ये त्याच साहेबानं फर्मान काढलं, की आवारात बसायचं असेल तर प्रत्येक अर्जनवीसानं स्वतःच्या हातानं परवानगीचा अर्ज करावा. बावीस वर्षांची ती जागा गेली तर खायचं काय, आणि मुन्शी म्हणणार कोण? रात्रंदिवस कोश चाळून त्यांनी हिरा काढला. इग्रीजियस! ए म्हणजे बाहेर, ग्रेक्स म्हणजे कळप. कळपात न मावणारा, चारचौघांहून थोर. त्यांनी लिहिलं, ‘आपल्यासारख्या इग्रीजियस साहेबाच्या चरणी.’

आता इंग्रजांना काय म्हणावं? कधीकाळी हा शब्द खरंच थोरांसाठी होता. मधल्या काळात त्यांनी तो पार उलटा करून टाकला, आणि आता तो ज्याला चिकटतो तो कमालीचा वाईट. ही बातमी वाळवीनं केव्हाच पचवली होती.

शुक्रवारी फलकावर सात अर्ज लागले. सहांवर नुसतं ‘मंजूर’. मुन्शींच्या अर्जावर साहेबाच्या हातचं लिहिलेलं, ‘अर्जनवीसच मोठा इग्रीजियस आहे!’ मुन्शींचे डोळे भरून आले. “अरे, माझा शब्द मलाच परत दिला! याला म्हणतात कदर!” त्यांनी सगळ्या ओळीला पेढे वाटले. शेजारचा खलील पेढा खाता खाता म्हणाला, “मुन्शीजी, पण मंजूर कुठं लिहिलंय?” मुन्शींनी त्याच्याकडे नुसतं कीव करून पाहिलं.

सोमवारी पट्टेवाला मोतीराम आला आणि त्यांची पेटी उचलून फाटकाबाहेर ठेवून गेला. “साहेबांचा हुकूम आहे. तुम्हाला ओळीतून काढलंय.”

मुन्शी रस्त्यावर उभे राहिले. आत सहा पेट्या सरकून एकमेकींना चिकटल्या, मधली जागा दिसेनाशी झाली. ए म्हणजे बाहेर. मूळ अगदी बरोबर निघालं होतं, आणि त्यांना भर उन्हात रडू आलं.

तेवढ्यात समोर भागीबाई उभी. बैल अजून सापडला नव्हता, ती पुन्हा अर्ज करायला आली होती.

“भाऊ, तुमी असं भायेर कसं?”

“काढलं बाई. ओळीतून काढलं.”

बाईनं आतल्या सहांकडे पाहिलं, मग मुन्शींकडे. तिच्या बोलण्यात टिंगल नव्हती, हेच वाईट.

“म्हंजी माझ्या बैलागतच झालं की. त्याच्यासाठी मी तरी आले. तुमचा अर्ज कोन लिवनार?”

मुन्शींनी पेटीतला कोश काढला आणि उघडलाच नाही.