हजेरीपटावरचा अंगठा

दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर दगड घसरला आणि मायच्या डाव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. जखम बरी होऊन कामावर जाता येईपर्यंत मजुराला निम्मी मजुरी मिळे. तशी तिला मिळू लागली. पुढं लातूरच्या कचेरीतून बोलावणं आलं. जिल्हा नुकताच नवा झाला होता. मला वाचता येत होतं म्हणून मायनं मला सोबत नेलं.

कारकुनानं हजेरीपट आमच्यापुढं आपटला. "घरबसल्या पैसे घेतेस आणि कामावरही येतेस? रोज अंगठा आहे तुझा. जादा गेलेले पैसे परत भर."

माझी माय आणि चोर? मग उमगलं. ते अंगठे चुलतीचे होते. नवरा वारलेला, पदरात दोन लेकरं, आणि मुकादम तिचं नाव काही केल्या पटावर घेईना. आमच्यात एकजण आजारी पडलं की घरातलं दुसरं त्याच्या जागी उभं राहायचं, मग ते खळं असो की लग्नाचा स्वयंपाक. मायनंच तिला आपल्या नावावर पाठवलं होतं. घाम चुलतीचा, मजुरीही चुलतीची. यात लबाडी आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दवाखान्याचे कागद जुन्या जिल्ह्याच्या कचेरीतच अडकलेले. पटावर लागतो तो डावा अंगठाच मायला नाही, हे कारकुनाला ठाऊक नव्हतं. पदराखालचा हात दाखवला की माय सुटणार होती आणि चुलती सापडणार होती.

"साहेब, मायला तर..." मी तोंड उघडलं. मायनं माझ्या पायावर टाच दाबली.

"म्याच जात होते कामाला," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघतच राहिले. मला तिचा असा संताप आला की काय सांगू!

"मग कबुली दे." कारकुनानं शाई पुढं सरकवली. मायनं उजवा हात पुढं केला. "डावा. पटावर डावा आहे."

मायनं डावा हात टेबलावर ठेवला. चिंधी आणि चार बोटं.

कारकून हाताकडं बघे, पटाकडं बघे. "मग हा अंगठा कुणाचा?"

"माझाच हाय, साहेब."

त्यानं पट मिटला आणि तिचा उजवा अंगठा शाईत टेकवून कबुलीवर उमटवला. वसुली मात्र सुटली नाही.

घरी आलो तर चुलती दारातच उभी होती. "काय म्हनले, बाई?"

"कायी न्हाई," माय म्हणाली. "उद्या येळेवर जा कामाला."