मालाडच्या गावठाणातली हिरवी ज्योत

मे महिन्यात बाबांना घेऊन नाशिकहून बोरिवलीला निघाले, आत्याकडे. बाबांना दमा, म्हणून डॉक्टरांनी प्रवासात काचा बंद ठेवायला बजावलं होतं. आमची गाडी जुनी, पण आधीच्या मालकानं तिला हौसेनं एसी बसवून घेतलेला. त्याच्याच भरवशावर निघालो होतो.

मुलुंडला गरम वारा यायला लागला. नाक्यावरच्या मेकॅनिकनं गॅस भरला आणि "झकास झालं, ताई" म्हणाला. कांजूरमार्गपर्यंत गार, अंधेरीत पुन्हा गरम. काच उघडावी तर ट्रकचा धूर, लावावी तर भट्टी. बाबांची छाती वाजू लागली. मला रडू यायचं बाकी होतं.

पेट्रोल पंपावर एकानं मालाडच्या गावठाणातल्या पास्कलचं नाव सांगितलं. मासळीच्या बर्फखान्यातली यंत्रं सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस घरासमोरच गाड्या बघायचा.

"नुसता गॅस भरून काय होनार, बाय? गळतंय कुठं ते त्या मेकॅनिकनं बघितलं का?" बॉनेट उघडत पास्कल म्हणाला.

त्याच्या बायकोनं बाबांना ओट्यावर बसवून चहा दिला, बरोबर फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे). हळूहळू त्यांची धाप ओसरली.

पास्कलनं थोडा गॅस भरून एसीच्या नळ्यांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावला. बुडबुडा कुठेच नाही. मग त्यानं एक छोटा दिवा पेटवला. त्याची ज्योत निळी होती. दिव्यात हवा ओढून घेणारी रबरी नळी तो सगळीकडून फिरवू लागला.

बाबा उठून उभे राहिले. त्यांनी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. "दिव्यात तांबं आहे ना? नळीतून गॅस आला की ज्योत हिरवी होईल."

पास्कल थांबला. "होते, सर. इतकी वर्षं बघतोय, पन का होते ते कुनी सांगितलं नाय. सांगा, पन तिथूनच. हा धूर तुमच्या छातीला वाईट."

बाबांनी ओट्यावरूनच गॅसमधला क्लोरीन आणि तांबं समजावलं. पास्कल वाकून ऐकत होता. तेवढ्यात रबरी नळीचं टोक डॅशबोर्डखाली गेलं आणि ज्योत हिरवीगार झाली. एसीची आतली नळी पत्र्यावर घासून चिरली होती. तिथवर साबण पोचलाच नव्हता.

संध्याकाळी नळी जोडून झाली. बोरिवलीपर्यंत बाबा शांत झोपले.

चार दिवसांनी परतलो. ठाणं मागे पडलं तसे बाबा बोलू लागले: ज्योतींचे रंग, शाळेतली प्रयोगशाळा, पास्कलला सांगायचं राहून गेलेलं काहीबाही. निवृत्तीनंतर ते इतकं सलग बोललेले मला आठवत नव्हते. नाशिक जवळ येत होतं. मी गाडीचा वेग जरा कमी केला.